जुनी कंबरदुखी आणि पिलाटीज: फरशीवरचे पहिले बारा आठवडे

डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे झाला, एमआरआयही झाला. "घाबरण्यासारखं काही नाही, व्यायाम करा," एवढं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. व्यायाम कुठला, किती, करताना दुखलं तर काय, हे विचारायचं राहूनच गेलं. घरी आल्यावर कुणी भुजंगासन सुचवतं, कुणी म्हणतं पूर्ण आराम कर, आणि कुणीतरी जिममधल्या पिलाटीजच्या बॅचचा फोटो पाठवतं.

ज्यांची कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखतेय, गंभीर आजार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि पिलाटीजची, म्हणजे श्वासाबरोबर सावकाश, ताब्यात ठेवून करायच्या हालचालींच्या व्यायामपद्धतीची, सुरुवात घरच्या घरी, बेतानं करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. कंबरदुखीसाठीचं पिलाटीज बघायला फार कंटाळवाणं असतं. दारातून डोकावणाऱ्याला वाटेल, माणूस नुसता सतरंजीवर पडलाय. तसं वाटत असेल तर बहुधा बरोबर चाललंय.

आधी हे तपासून घ्या

जुन्या कंबरदुखीत साधारण दहापैकी नऊ जणांना नेमकं एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. या नऊ जणांनी व्यायाम जरूर करावा. उरलेल्यांनी आधी दवाखाना गाठायचा, आणि आपण कुठल्या गटातले हे ओळखायला काही खुणा आहेत.

लघवी अडकणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणं, पायातली ताकद दिवसागणिक कमी होणं, चालताना चप्पल पायातून निसटून जाणं आणि ते लक्षातही न येणं: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जा. अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवावीच लागते, ती म्हणजे मणक्याचा क्षय. संध्याकाळी येणारा बारीक ताप, उतरत जाणारं वजन, मेलेली भूक, रात्रीचा घाम आणि आडवं झाल्यावरही न थांबणारं दुखणं. खोकला असेलच असं नाही, म्हणून टीबीची शंकाच येत नाही आणि माणूस महिनोन्महिने मालिश नि शेक घेत राहतो. असं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि तपासणी करा. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल, दुखणं पडल्या-आपटल्यावर सुरू झालं असेल किंवा बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तरी हेच.

वय चाळिशीच्या आत असेल, सकाळी कंबर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असेल, आणि आरामानं दुखणं वाढून हालचालीनं कमी होत असेल, तर एकदा संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. त्यात व्यायाम लागतोच, पण औषधही लागतं.

एमआरआयच्या कागदाबद्दल

"गादी सरकलीय", "मणक्यात गॅप आलाय", "डिस्क झिजलीय" हे शब्द ऐकल्यावर माणूस वाकायचं सोडतो. मग काही महिन्यांत वाकताच येत नाही, आणि त्याचं खापरही डिस्कवर, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीवर, फुटतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ३,११० लोकांच्या स्कॅनचे निष्कर्ष एकत्र केले होते. विशीतल्यांपैकी ३७ टक्के लोकांत डिस्कची झीज दिसली, ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ९६ टक्के. डिस्क फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के. यातल्या कुणालाही दुखत नव्हतं.

म्हणजे स्कॅन खोटा असतो असं नाही. पायात कळ जात असेल आणि त्याच बाजूची नस दबलेली दिसत असेल तर त्याला अर्थ आहे. पण नुसती झीज दिसली म्हणून कंबर काचेची झाली असं समजू नका. ही भीती मनात ठेवून केलेला कुठलाही व्यायाम दात-ओठ आवळून होतो, आणि तसा व्यायाम निरुपयोगी ठरतो.

पिलाटीज आलं कुठून, आणि किती अपेक्षा ठेवायची

जोसेफ पिलाटीज हा मूळचा जर्मन माणूस, जन्म १८८३ चा. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी पिडलेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून तो छावणीत स्थानबद्ध होता. पुढे १९२० च्या दशकात न्यूयॉर्कला गेला आणि तिथे त्यानं व्यायामशाळा काढली. दुखापत झालेले नर्तक त्याच्याकडे येऊ लागले. आपल्या पद्धतीला तो स्वतः 'कंट्रोलॉजी' म्हणायचा. त्याचे चटईवरचे मूळ व्यायामप्रकार ३४, आणि त्यातले बरेचसे धडधाकट माणसालाही घाम फोडणारे. कंबरदुखीसाठी आज जे शिकवलं जातं ती त्या प्रकारांची फिजिओथेरपिस्टांनी सुटी करून, सोपी करून बांधलेली आवृत्ती आहे. सोशल मीडियावर दिसतं ते मात्र बहुतेक वेळा मूळ रूप. हा फरक लक्षात ठेवा.

फायदा किती होतो? कॉक्रेन या, जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात १० चाचण्या आणि ५१० रुग्ण होते. काहीच न करणं किंवा नावापुरते उपचार घेणं याच्या तुलनेत पिलाटीजनं वेदना आणि कामातली अडचण कमी झाली. इतर व्यायामांपेक्षा मात्र ते सरस आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यावर भर आहे, तर कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये असं म्हटलंय.

माझं मत विचाराल तर, जो व्यायाम तुम्ही तीन महिने टिकवाल तो चांगला. योगासनं नीट जमत असतील आणि कंबर त्यानं सुधारत असेल, तर ती सोडून पिलाटीजच्या मागे लागायचं काही कारण नाही. पिलाटीजची सोय एवढीच की त्याची सुरुवात पाठीवर पडून, बोटभर हालचालीनं होते. त्यामुळे ज्यांना सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं सोसत नाही, चालायला गेलं की दहा मिनिटांत कंबर धरते, त्यांनाही दार उघडं राहतं.

पायरी पहिली: जागा आणि वेळ

पलंगावरची गादी चालणार नाही, शरीर त्यात रुततं आणि कमरेचं काय चाललंय ते कळत नाही. फरशीवर घडी घातलेली सतरंजी किंवा योगा मॅट पुरते. जमिनीवर बसणं-उठणं जमत नसेल तर लाकडी दिवाणावर पातळ चादर टाका. डोक्याखाली एक घडी केलेला टॉवेल, हनुवटी छताकडे वर जाणार नाही इतक्याच जाडीचा.

सकाळी उठल्या उठल्या करू नका. रात्रभर आडवं राहिल्यानं डिस्क पाणी शोषून थोड्या फुगलेल्या असतात आणि वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. उठून तासभर होऊ द्या, चहा-आंघोळ उरका, मग बसा. जेवणानंतर दोन तास सोडा.

उठण्याची पद्धत आजच बदला, व्यायाम उद्यापासून केला तरी चालेल. पाठीवरून सरळ झटका देऊन उठून बसायचं नाही. गुडघे वाकवा, खांदे आणि गुडघे एकदमच वळवून कुशीवर या, मग हाताच्या रेट्यानं बसा. पलंगावरूनही असंच.

पायरी दुसरी: कमरेची मधली जागा सापडवणं

पाठीवर पडा, गुडघे वाकवलेले, पावलं फरशीवर, दोन्हींत वीतभर अंतर. पायजम्याची किंवा परकराची नाडी जिथे बसते तिथे पुढे दोन टोकदार हाडं हाताला लागतील. त्यांवर तळहातांचे मनगटाजवळचे भाग ठेवा आणि बोटांची टोकं खाली, ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या हाडावर टेकवा. हातांचा त्रिकोण तयार होईल.

आता कंबर फरशीला दाबा. त्रिकोण तुमच्या तोंडाकडे कलतो. मग कंबर उचलून कमान करा. त्रिकोण पायांकडे कलतो. ही दोन टोकं झाली. त्यांच्या मध्ये, जिथे त्रिकोणावर पाण्याचा पेला ठेवला तर सांडणार नाही आणि जिथे कंबरेला सगळ्यात कमी त्रास होतो, ती तुमची मधली जागा. कमरेखाली थोडी पोकळी राहील, ती राहू द्या. क्लासमध्ये 'न्यूट्रल स्पाइन' म्हणतात ते हेच.

कुणाची मधली जागा किंचित सपाट असते, कुणाची किंचित खोल. शेजारणीसारखीच दिसायला हवी असं काही नाही.

पायरी तिसरी: श्वास

नाकानं श्वास घेताना पोट फुगवायचं नाही, खांदे कानांकडे न्यायचे नाहीत. बरगड्या दोन्ही बाजूंना आणि मागे पसरल्या पाहिजेत. हे नुसतं वाचून समजत नाही, म्हणून एक ओढणी किंवा उपरणं घ्या, बरगड्यांभोवती गुंडाळा आणि टोकं समोर हातांत धरून हलकी ओढून ठेवा. श्वास घेताना कापडाला बाजूनं दाब जाणवला पाहिजे. तोंडानं, ओठ थोडे मुरडून, सावकाश सोडा. कापड सैल होतं.

पहिले दोन-तीन दिवस एवढंच केलंत तरी चालेल. ज्यांची कंबर अनेक वर्षं दुखतेय त्यांचा श्वास बऱ्याचदा छातीच्या वरच्या भागात अडकलेला असतो, आणि पुढच्या प्रत्येक हालचालीत ते श्वास धरून ठेवतात. पिलाटीजचा नियम साधा आहे: ज्या क्षणी जोर लावायचा, त्या क्षणी श्वास सोडायचा. व्यायामात तसंच, पाण्याची कळशी किंवा गॅसचा सिलिंडर सरकवतानाही तसंच.

पायरी चौथी: पोटाचा आतला पट्टा

पोटाच्या भिंतीत सगळ्यात आत एक स्नायू आडवा, कमरेभोवती पट्ट्यासारखा गेलेला असतो. निरोगी माणूस हात किंवा पाय हलवतो त्याच्या किंचित आधी तो कामाला लागतो. कंबरदुखी असलेल्यांत त्याला उशीर होतो, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं, आणि त्यानंतर फिजिओथेरपीत या स्नायूचा फार बोलबाला झाला. थोडा जास्तच झाला.

तो सापडवायचा कसा? मघाच्या टोकदार हाडांपासून दोन बोटं आत आणि दोन बोटं खाली, दोन्ही बाजूंना बोटांची टोकं हलकी रुतवा. आता बारीक खोका. बोटांखाली जे पटकन घट्ट होऊन बोटांना बाहेर ढकलतं ती बाहेरच्या मोठ्या स्नायूंची उसळी, ती आपल्याला नकोय. श्वास सोडता सोडता, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू हलके वर घ्या आणि बेंबीखालचा भाग कापडापासून सुटा व्हावा इतकाच आत न्या. बोटांखाली हळूहळू येणारा ताण जाणवेल, उसळी नाही. पूर्ण जोर म्हणजे १० धरलं तर इथे ३ पुरे. श्वास चालू ठेवून, बोलता बोलता हा ताण दहा सेकंद राहिला की झालं.

इथे नवख्यांची गाडी हमखास घसरते. माणूस पोट जोरात आत ओढतो, श्वास धरतो, जबडा आवळतो, पायाची बोटं आत मुडपतात. तुमच्या पायाकडे बघा. बोटं मुडपली असतील तर ३ चे ८ झालेत.

आणि हा ताण दिवसभर धरून फिरायचं नाही. "पोट आत घेऊन चाला" असा सल्ला कुणी दिला तर तो मनावर घेऊ नका. सतत आवळलेली कंबर आणखी दुखते.

पायरी पाचवी: पाच हालचाली

वरच्या गोष्टी आठवडाभरात अंगवळणी पडल्या की या सुरू करा. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. किती वेळा? बहुतेक चाचण्यांत आठवड्यातून दोन-तीन वेळा, सहा ते बारा आठवडे असंच प्रमाण असतं. ब्राझीलमधल्या २९६ रुग्णांच्या एका चाचणीत, जी २०१८ साली प्रसिद्ध झाली, आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा केलेलं चांगलं ठरलं. रोज केलं पाहिजे असा धोशा लावून चौथ्या दिवशी सोडून देण्यापेक्षा मंगळवार, गुरुवार, शनिवार ठरवून टाका.

पहिली, कंबर कलवणं. श्वास सोडत कंबर हलकेच फरशीला टेकवा, घेत मधल्या जागेवर परत या. आठ-दहा वेळा. नितंब आवळायचे नाहीत. रंगाऱ्यानं ब्रश फिरवावा तशी संथ हालचाल. आखडलेल्या कमरेला सगळ्यात आधी आराम यातूनच मिळतो.

दुसरी, एक पाय उचलणं. हात टोकदार हाडांवर. श्वास सोडत एक पाऊल फरशीवरून उचला, गुडघा कमरेच्या वर येईपर्यंत. घेत थांबा, सोडत खाली. हाडं हलता कामा नयेत. दुसऱ्या पायाच्या टाचेनं फरशी दाबली जातेय का बघा, ती चोरी आहे. हाडं हलतच असतील तर पाय पूर्ण उचलू नका, फक्त टाच उचला. प्रत्येक पायानं पाच. दिसायला ही सर्वांत सोपी हालचाल, पण पाचातली सगळ्यात अवघड हीच, कारण पायाचं ओझं आलं तरी कमरेनं जागा सोडायची नाही हे तिला शिकायचं असतं. चालताना, जिना चढताना, बसमध्ये पाय टाकताना हेच लागतं. हिच्यावर वेळ घालवा.

तिसरी, पूल. श्वास सोडत आधी माकडहाड, मग एकेक मणका असं करत नितंब उचला, वजन खवाट्यांवर येईपर्यंत. मानेवर येऊ देऊ नका. वर श्वास घ्या, सोडत वरच्या मणक्यांपासून एकेक टेकवत खाली. सहा ते आठ. मांडीमागे गोळा येत असेल तर पावलं नितंबांच्या थोडी जवळ घ्या.

चौथी, शिंपला. भिंतीला पाठ लावून कुशीवर पडा, गुडघे वाकवलेले, टाचा एकमेकींना चिकटलेल्या. वरचा गुडघा उघडा, टाचा सुटू देऊ नका. भिंत एवढ्यासाठीच की कंबर मागे लवंडली की लगेच कळतं. दहा-दहा.

पाचवी, हात-गुडघ्यांवर. गुडघ्यांखाली टॉवेल. मनगट दुखत असेल तर मुठी टेकवा. कमरेच्या सपाट भागावर लाटणं आडवं ठेवा. श्वास सोडत एक पाय मागे फरशीवरून सरकवा, परत आणा. लाटणं पडलं नाही तर पाय सरकवल्यावर किंचित उचला. तेही जमलं तर पुढच्या आठवड्यांत विरुद्ध हात समोर. प्रत्येक बाजूला पाच. घरातली लहान मुलं हे बघायला जमतात आणि त्यांचं लाटणं कधीच पडत नाही, त्याकडे दुर्लक्ष करा.

शेवटी दोन मिनिटं पाठीवर पडून नुसता श्वास.

दुखलं तर थांबायचं का

० ते १० मध्ये दुखणं ३-४ पर्यंत जात असेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत नेहमीच्या पातळीवर येत असेल, तर चालू ठेवा. जुन्या कंबरदुखीत दुखणं म्हणजे इजा असं दर वेळी नसतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलं राहिलं, तर व्यायाम सोडू नका, आवर्तनं निम्मी करा.

पायाचं गणित वेगळं आहे. हालचालीनं कळ नितंबातून मांडीत, मांडीतून पोटरीत उतरायला लागली, मुंग्या वाढल्या, तर ती हालचाल त्या क्षणी बंद. उलट पोटरीतली कळ मागे सरकत कमरेत येऊन थांबली, कंबर थोडी जास्त दुखली तरी, ते बहुधा चांगलं लक्षण आहे.

काय टाळायचं

मान आणि खांदे उचलून हात हलवत ठेवायचा 'हंड्रेड', पडल्यापडल्या सरळ उठून बसायचा 'रोल-अप', पाठीवर गोल होऊन झुलणं, दोन्ही पाय सरळ ठेवून एकदम खाली आणणं. पिलाटीजच्या जाहिरातीत नेमके हेच दिसतात. पहिले बारा आठवडे तुमच्यासाठी नाहीत, आणि नंतरही नाही केले तरी काही बिघडत नाही.

हाडं ठिसूळ झालेल्यांनी, विशेषतः पाळी गेलेल्या आणि डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीत ऑस्टिओपोरोसिस निघालेल्या बायकांनी, पुढे गोल वाकण्याचे प्रकार कायमचेच टाळावेत. १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात अशा स्त्रियांना वेगवेगळे व्यायाम दिले होते. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींत मणक्यांत नवे फ्रॅक्चर किंवा चेप आढळले, मागे ताणण्याचे करणाऱ्यांत १६ टक्के. अभ्यास छोटा, ५९ जणींचा, पण फरक एवढा मोठा की कुणी पैज लावू नये. कुठल्याही क्लासला जाण्याआधी शिक्षकाला हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

मणक्यातली नळी अरुंद झाल्याचं सांगितलं असेल, उभं राहिल्या-चालल्यावर पाय भरून येत असतील आणि बसल्यावर बरं वाटत असेल, तर मागे कमान करण्याचे प्रकार टाळा. गरोदर असाल तर चौथ्या महिन्यानंतर पाठीवर पडून फार वेळ काही करायचं नाही. अशा वेळी घरी प्रयोग नकोत, प्रसूतितज्ज्ञांना विचारून शिक्षकाच्या देखरेखीतच करा.

पुढचे आठवडे

चौथ्या आठवड्यापासून पोटावर पडून कपाळ हातांवर ठेवा आणि श्वास घेत छाती जमिनीपासून दोन बोटं उचला, एवढी भर घालता येईल. पूल वर असताना एक टाच उचलून बघा. सातव्या-आठव्या आठवड्यानंतर उभं राहणं आणा: खुर्चीवरून हात न लावता उठणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं, एका पायावर तोल. शेवटी जगायचं उभ्यानंच असतं, आणि सतरंजीवर शिकलेलं उभ्यानं वापरता आलं नाही तर ते सतरंजीवरच राहतं.

चालणं जोडीला हवंच. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या एका चाचणीत, जी २०२४ साली प्रसिद्ध झाली, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांना चालण्याचा ठरवून दिलेला कार्यक्रम दिला. दुखणं परतायला त्यांना साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्या गटाला ११२. सोसायटीच्या आवारात दहा मिनिटांनी सुरुवात केली तरी चालेल.

उसण भरली तर

कधीतरी भरणारच. खड्ड्यातून स्कूटर गेली, लग्नात तीन दिवस उभं राहिलात, काहीच न करता नुसतं शिंकलात. एक-दोन दिवस जड काम टाळा, पण अंथरूण धरू नका. गरम पाण्याची पिशवी, घरातल्या घरात फिरणं, श्वास आणि कंबर कलवणं एवढंच चालू ठेवा. ओसरलं की निम्म्या आवर्तनांपासून पुन्हा. पट्टा लावून प्रवास सोपा होत असेल तर प्रवासापुरता लावा, घरी आल्यावर काढा.

क्लास लावायचा असेल तर

२००० साली अमेरिकेतल्या न्यायालयानं 'पिलाटीज' या नावावर कुणाचीच मालकी नाही असा निकाल दिला. त्यामुळे ही पाटी कुणीही लावू शकतं, आणि शनिवार-रविवारच्या कोर्सवरचं प्रमाणपत्रही भिंतीवर टांगता येतं. कंबर दुखत असेल तर पहिली काही सत्रं फिजिओथेरपिस्टकडेच घ्या. महाराष्ट्रात त्यांची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. मोठ्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे पिलाटीजची पाटी दिसेलच असं नाही, पण वर लिहिलेलं बरंचसं दुसऱ्या नावानं शिकवलं जातं आणि खर्च फार कमी येतो.

खासगी स्टुडिओत गेलात तर पहिल्या दिवशी शिक्षक तुमचे रिपोर्ट विचारतात का, वाकायला-वळायला लावून बघतात का, याकडे लक्ष द्या. न बघता थेट वीस जणांच्या बॅचमध्ये उभं केलं तर नमस्कार करून निघा. स्प्रिंगचं, सरकत्या फळीचं रिफॉर्मर यंत्र छान असतं, आधार देतं, करायला मजाही येते. पण कंबर बरी व्हायला ते लागतंच असं नाही, आणि महागड्या पॅकेजचे पैसे भरले म्हणून दुखत असतानाही जात राहणं हा नवाच आजार होतो.

बारा आठवड्यांनी

वहीत रोजचं दुखणं लिहू नका, त्यानं लक्ष सगळं दुखण्याकडेच राहतं. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, तीन गोष्टी लिहा: न उठता किती वेळ बसता आलं, किती चालता आलं, आणि आधी सोडून दिलेलं कुठलं काम या आठवड्यात केलं. मांडी घालून जेवणं, उखिडवं बसून फरशी पुसणं, नातवाला उचलणं, एसटीनं गावी जाणं. दुखणं ६ वरून ५ वरच आलेलं असतं, पण माणूस गावी जाऊन आलेला असतो. हा फरक वहीत नसेल तर दिसतच नाही.

बारा आठवडे नेमानं करूनही या तीन रकान्यांत काहीच हललं नसेल, तर तेच व्यायाम आणखी जोरात करू नका. वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा आणि त्यांच्यासमोर पाचही हालचाली करून दाखवा. झोप कशी आहे, कामावरचा ताण किती आहे, वेदनाशामक गोळी आठवड्यातून किती वेळा घ्यावी लागते, हेही सांगा, कारण जुन्या कंबरदुखीत या गोष्टी स्नायूंइतक्याच मोजल्या जातात.